दोन मोळ्या

छबूबाईंनी चपला जिमच्या दाराबाहेर काढल्या, आत येऊन खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या आणि पुढ्यात आलेलं गुळगुळीत पत्रक न वाचताच परत सरकवलं.

"मला वजन कमी न्हाई करायचं," त्या म्हणाल्या.

पत्रक देणारा कल्याण हा जिमचा मालक. श्रीगोंद्यात काष्टी रस्त्याला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याने ही जिम काढून चार वर्षं झाली होती. दंड असे की हात अंगाला टेकत नसत, बोलणं मात्र लोण्यासारखं. साठीला टेकलेली, नऊवारीतली बाई त्याच्या पायऱ्या चढून आली ती बहुधा सुनेची चौकशी करायला, असा त्याचा आधी समज झाला होता. तो चुकल्यावर त्याने दुसरा धरला.

"मग शुगर का काकू? का गुडघे?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय! वजन उचलायला शिकायचंय मला. एकटीला शिकवील असा मास्तर पायजे. बाईमानूस आसंल तर बरं."

कल्याण हसला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. नुसता खोकला, आणि आतल्या बाजूला तोंड करून त्याने हाक मारली, "रेश्मा!"

रेश्मा सव्वीस-सत्तावीस वर्षांची. संगमनेरला कॉलेजात असताना वजनं उचलण्याच्या स्पर्धा खेळलेली, आता इथे अकरा ते एक बायकांना शिकवायची. ती घाम पुसत आली तेव्हा छबूबाईंनी तिला बसायलाही सांगितलं नाही. बाजारात वांगी घेताना दाबून बघावीत तसा त्यांनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते, कोयता धरणाऱ्या बाईला असतात तसे. छबूबाईंचं समाधान झालं.

"हीच पायजे," त्या कल्याणला म्हणाल्या.

"काकू, पण उचलायचं काय तुमाला?" रेश्माने विचारलं. "गॅसची टाकी? धान्याची पोती?"

"मानूस."

 आता ही पोरगी 'कोण, कशाला, का' असं विचारणार, म्हणून छबूबाईंनी मन घट्ट केलं. पण तिने विचारलं, "किती किलोचा?"

या एका प्रश्नावर छबूबाईंचा तिच्यावर जीव जडला.

"शहात्तर."

"नक्की ना? अंदाजे सांगू नका."

"काट्यावर भरलेलं हाय बाई. खंडेनवमीला."

त्यात खोटं काही नव्हतं. छबूबाईंचे यजमान राधाकृष्ण, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चौतीस वर्षं होते. भरली गाडी काट्यावर घ्यायची, वजन करायचं, ऊस खाली करून रिकामी गाडी परत आली की पुन्हा वजन करायचं, वजाबाकी ती उसाची. काम एवढंच, पण त्यात भल्याभल्यांचे हात मळतात. आण्णांचे मळले नाहीत. आण्णाच्या काट्यावर घातलं म्हणजे देवाच्या हातावर घातलं, असं शेतकरी म्हणायचे. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी अवजारं पुसून त्यांना झेंडूचे हार घातले जात. साखरेच्या गोदामातल्या लहान काट्याची पूजा झाली की त्यावर पहिलं पाऊल आण्णांचं. त्या दिवशी भरलेलं वजन ते घरी येऊन फडताळाच्या दाराला आतून खडूने लिहीत. निवृत्त झाल्यावरही त्यांचा हा नेम सुटला नाही. सगळ्यात खालचा आकडा गेल्या खंडेनवमीचा. शहात्तर.

दसऱ्यानंतर दिवाळी झाली आणि दिवाळीनंतर आठ दिवसांनी आण्णांची उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, उजवा हात पाय लाकडाचे झाले. दवाखाना झाला, औषधं झाली, चाकणहून मुलगा हर्षल येऊन गेला, त्याने चाकाची खुर्चीही पाठवली. तोवरही सगळं सहन करण्यासारखं होतं. कानिफनाथ शेजारचा, भला माणूस, सकाळ-संध्याकाळ येऊन आण्णांना खुर्चीत बसवायचा, खुर्ची ओसरीवर आणायचा. समोरून उसाच्या गाड्या कारखान्याला जायच्या आणि आण्णा प्रत्येकीकडे बघून ओठ दाबून पुटपुटायचे. वजनाचा अंदाज बांधायचे.

मग पौषात, कानिफनाथ शेतावर गेलेला असताना, आण्णा कॉटवरून घसरून खाली आले.

छबूबाईंनी बगलेत हात घालून बघितला. चादर अंगाखाली सारून ओढून बघितली. कॉटचा पाय धरून, भिंतीला पाठ लावून, देवाचं नाव घेऊन बघितलं. शहात्तर किलो हलले नाहीत. अकरा वाजल्यापासून तीन वाजेपर्यंत नवरा-बायको फरशीवर बसून होते. मधे आण्णांचं लुंगीतच झालं. तीनला कानिफनाथ आला, त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या दोघांना बोलावलं आणि तिघांनी एक-दोन-तीन म्हणत त्यांना हातापायांना धरून वर घेतलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. पण पोतं उचलतानाही एक-दोन-तीनच म्हणतात, आणि आण्णांनी आयुष्यात हजारो पोती उचलली जाताना पाहिली होती. तोंड भिंतीकडे करून ते संध्याकाळपर्यंत पडून राहिले.

दिवा लागल्यावर म्हणाले, "छबू. परत... कुनाला बोलवायचं न्हाई."

"आवं, मग खुर्चीत कोन बशिवनार?"

"नको... खुर्ची."

त्यानंतर त्यांनी खरोखरच कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. खुर्ची प्लास्टिक घालून कोपऱ्यात उभी राहिली आणि आण्णांचा मुक्काम कॉटवर पडला. छबूबाई कूस बदलत, पुसून घेत, भरवत. हर्षल फोनवर म्हणायचा, पगारी माणूस ठेवू, नाहीतर दोघं इकडं या. छबूबाईंना दोन्ही नको होतं. हा माणूस पुन्हा ओसरीवर बसून गाड्या मोजताना त्यांना बघायचा होता, आणि त्याला तिथवर नेणारे हात आपलेच असायला हवे होते. संक्रांत झाल्यावर त्या जिमच्या पायऱ्या चढल्या त्या यासाठी.

शेजारची बनुबाई, कानिफनाथची आई, हे ऐकून म्हणाली, "साठी बुद्धी नाठी गं बाई तुझी!" पण अकरा ते बारा आण्णांकडे कान ठेवायचं तिने लगेच कबूल केलं.

रेश्माने पहिल्याच दिवशी विचारलं, "कॉट किती उंच आहे? मी घरी येऊन बघू का?"

"घरी नको," छबूबाई म्हणाल्या. "त्यांना खपत न्हाई." दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉटची उंची सुतळीने मोजून, गाठ मारून आणली. रेश्माने तेवढ्याच उंचीचं बाक शोधलं, साखरेच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरली आणि पोतं बाकावर उभं केलं. "हे आण्णा. बाकावरून उचलायचे, दोन पावलं चालायचं, खाली ठेवायचे. आणि हे बघा काकू, हात भरून आले की लगेच ठेवायचं. हट्ट करायचा नाही."

पहिले आण्णा पंधरा किलोचे होते.

घरी मात्र यातलं काही लपवून ठेवलं नव्हतं. संध्याकाळी भरवताना आण्णा विचारायचे, "आज... किती?"

"वीस."

दोन आठवड्यांनी पंचवीस, होळीला पस्तीस. आकडा ऐकला की आण्णा डोळे बारीक करत, समोर काटा असावा आणि तो स्थिर व्हायची ते वाट बघत असावेत तसे. मग मान हलवत. छबूबाईंना शाळेत पास झाल्यासारखं वाटे. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, पण आण्णांनी रोज काहीतरी विचारावं आणि आपण रोज काहीतरी सांगावं हे सुख त्यांना या आजारपणातच मिळालं, हे कबूल करायला त्या लाजल्या असत्या.

आण्णांचं जेवण तेवढं कमी झालं होतं. पूर्वी दोन भाकरी खाणारा माणूस, आता एकीतली अर्धी झाली की ओठ मिटायचे. "पुरे." छबूबाई आधी रागावल्या, मग विनवण्या करून पाहिल्या, मग आजारी माणसाची जीभच ती, असं म्हणून उरलेली भाकरी गाईला घालू लागल्या. हर्षल एकदा मोबाईलवर बापाला बघून म्हणाला, "आई, आण्णा लई बारीक दिसायला लागलेत गं."

"तुज्या त्या मोबाईलात सगळेच बारीक दिसत्यात," त्या म्हणाल्या.

रोज बघणाऱ्याला मूल वाढलेलं दिसत नाही, तसंच हेही. शिवाय आण्णांची कूस बदलणं आता सोपं जात होतं. पूर्वी दम लागायचा, आता एका हाताने जमायचं. छबूबाईंनी हे रेश्माला मोठ्या अभिमानाने सांगितलं. "तुझ्या शिकवन्याचा गुन बघ, पोरी," म्हणाल्या. रेश्मालाही फार बरं वाटलं.

वैशाखात गाडी अडली. बावन्न किलोचं पोतं बाकावरून चार बोटं वर यायचं आणि धप्पकन बसायचं. एक आठवडा, दोन, चार. हातांना कळ लागे, रात्री खांदे ठणकत. एका संध्याकाळी भाकरीचं ताट पुढ्यात ठेवून छबूबाईंना रडूच फुटलं.

"बावन्नाच्या म्होरं काय जात न्हाई हात," त्या म्हणाल्या. "आता माज्याच्यानं व्हायचं न्हाई. वय झालं."

 आण्णांनी डावा हात उचलून बायकोच्या मनगटावर ठेवला.

"बावन्न," ते म्हणाले.

"व्हय. बावन्नच."

आण्णांना एक खोड होती, ती कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होती. काट्याच्या चढावर भरलेली बैलगाडी अडली आणि गाडीवानाने आसूड उगारला की ते केबिनमधून उठून बाहेर येत. "बैलाला मारू नको रं. दोन मोळ्या उतरव." गाडीवान कुरकुरत उसाच्या दोन मोळ्या खाली टाकायचा, बैल चढ चढायचे, मग त्याच मोळ्या मागून डोक्यावर नेऊन तो काट्यावर गाडीत घालायचा. मागे वाहनांची रांग खोळंबायची, साहेब ओरडायचे. आण्णांनी सवय बदलली नाही. छबूबाईंना ही गोष्ट आण्णांनीच लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात सांगितली होती, आणि हा माणूस आपल्याला कधी मारणार नाही हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवशी मात्र त्यांना ती आठवली नाही. आण्णांनी ताटाकडे बघून "भूक न्हाई" म्हटलं, आणि त्यांनी ताट उचललं.

आषाढ असाच गेला. श्रावणात रेश्माने पोत्यासमोर छबूबाईंचे खांदे धरून त्यांना थांबवलं. "काकू, तुम्ही हातांनी ओढताय. उचलूच नका. नुसती मिठी मारा, पार छातीशी घ्या, आणि पायांवर उभ्या राहा."

"मिठी?"

"हां. कच्चून."

छबूबाईंनी आजूबाजूच्या बायकांकडे बघितलं. छत्तीस वर्षांत त्यांनी उजेडी नवऱ्याचा हातसुद्धा धरला नव्हता. पण पोत्याला कसली लाज? त्यांनी डोळे मिटून वाळूला मिठी मारली आणि उभ्या राहिल्या. बावन्न किलो त्यांच्याबरोबर उभे राहिले.

त्यानंतर थांबणं नव्हतं. पंचावन्न, साठ, सहासष्ट. पितृपक्ष सरता सरता शहात्तर किलोंचं पोतं छातीशी घेऊन त्या चार पावलं चालल्या, तेव्हा कल्याणने टाळ्या वाजवल्या आणि रेश्माच डोळे पुसू लागली.

घरी आल्यावर आण्णांनी विचारलं, "किती?"

छबूबाई म्हणाल्या, "बावन्नच."

श्रावणापासून त्या हेच सांगत होत्या. ज्या माणसाने चौतीस वर्षांत कुणाला एका किलोचं खोटं वजन सांगितलं नाही, त्याच्या बायकोने रोज संध्याकाळी बेधडक खोटं वजन सांगितलं. त्यात पाप काहीच नव्हतं, होती ती हौस. काट्यावरच्या माणसाला वजनानेच चकित करावं, आणि ते खंडेनवमीला करावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. दिवस जवळ येत होता आणि त्या एकट्याच चुलीपुढे बसून हसत होत्या.

खंडेनवमीला त्यांनी विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन पुसून त्यांच्यावर झेंडूची फुलं ठेवली. खुर्चीचं प्लास्टिक काढलं, चाकांना हळदीकुंकू लावलं. आण्णांना धुतलेला सदरा घातला. सदरा खांद्यावरून ओघळत होता, पण त्या दिवशी छबूबाईंचं लक्ष खुर्ची कुठे ठेवायची याकडे होतं.

"आज तुमाला वसरीवर न्यायचं," त्या म्हणाल्या.

आण्णांनी मान हलवली. ते घाबरलेले दिसत नव्हते. उलट, वाट बघत असल्यासारखे.

छबूबाईंनी त्यांना कॉटच्या कडेला बसतं केलं, त्यांचा डावा हात स्वतःच्या गळ्यात घेतला. गुडघे वाकवले. मिठी मारली, कच्चून, पार छातीशी. शहात्तर किलोंसाठी जेवढा दम घ्यायचा तेवढा घेतला आणि पायांवर उभ्या राहिल्या.

भरलेली समजून रिकामी कळशी उचलावी तसं झालं. त्यांचा तोल मागे गेला, दोन पावलं त्या नुसत्या भेलकांडल्या. आण्णांचे पाय जमिनीवरून उचलले गेले होते. सदऱ्याच्या आत बरगड्या होत्या, पाठीचे मणके होते, आणि जवळजवळ काही नव्हतं. छबूबाईंच्या हातांना वजन चांगलं कळत होतं आता. नऊ महिने पाच पाच किलोंनी त्या ते शिकल्या होत्या. हे पस्तीस होते. फार तर चाळीस.

कानाशी आण्णांचा श्वास लागला.

"बसलो... का?"

"काय म्हनता?"

"बावन्नात... बसलो का?"

छबूबाई हलल्या नाहीत. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी, भूक न्हाई, पुरे, गाईपुढे टाकलेले घास, सगळं एकामागून एक समोर येऊन उभं राहिलं. बैल चढत नव्हता, म्हणून हा माणूस मोळ्या उतरवत राहिला होता. आणि बैल कधीच चढून गेला होता. श्रावणातच. तो बावन्नच, बावन्नच सांगत होता, आणि हा कॉटवर पडून त्या आकड्यापर्यंत उतरत होता. पोचलो की नाही हे कळायला काटा नव्हता, म्हणून आणखी खाली, आणखी खाली. छबूबाईंना वाटलं, आपल्या छातीतून काहीतरी मोठ्याने ओरडून बाहेर येईल. त्यांनी दात आवळून धरले.

खरा आकडा सांगितला असता तर आण्णांना कळलं असतं की ही सगळी उपासमार फुकट गेली.

"बसलात," त्या म्हणाल्या. "बरोब्बर बावन्न."

"वर... खाली?"

"काटा हालला न्हाई."

आण्णांच्या छातीत थरथर झाली. ते हसत होते. अर्ध्याच तोंडाने, पण कारखान्यातून दमून आल्यावर हसायचे तसेच.

"बैलाला..." ते म्हणाले, "मारायचं न्हाई."

"न्हाई."

"दोन... मोळ्या..."

"उतरवायच्या," छबूबाईंनी त्यांचं वाक्य पुरं केलं. त्यांचा आवाज बरा निघाला.

"लिही... दारावर."

"लिहिते की."

खुर्ची दोन पावलांवर होती. छबूबाईंनी त्यांना खुर्चीत ठेवलं नाही. त्या तशाच उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या. बाहेर ऊन पडलं होतं, रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता, कुणीतरी त्याच्या तोंडावर झेंडूची माळ बांधली होती. पलीकडच्या ओट्यावर शेंगा निवडणारी बनुबाई तोंडावर पदर घेऊन बघत राहिली. छबूबाईंना लाज वाटली नाही.

"खाली ठिव," आण्णा म्हणाले. "दमशील."

"ठिवते," त्या म्हणाल्या. "हात भरून आलं की ठिवते."

त्यांनी आण्णांचं डोकं खांद्यावर नीट घेतलं आणि भर उन्हात उभ्या राहिल्या. ट्रॅक्टर वळणापलीकडे गेला. त्याच्यामागून दुसरा आला, तोही गेला. हात भरून यायला फार वेळ लागला.